भिंतीत चिणलेली नव्हे, बंद कोठडीत राहिलेली

प्रश्न : जर्मनीच्या संत हिल्डेगार्डच्या गुरू युट्टा यांनी सरदार घराण्यातल्या असूनही स्वतःला 'भिंतीत चिणून घेतलं', असं वाचलं. मग पुढची चोवीस वर्षं त्या जगल्या कशा? अन्नपाण्याची सोय काय होती?
— एक वाचक, सातारा

उत्तर : 'चिणणं' म्हटलं की आपल्याला अनारकली आठवते आणि घोळ तिथेच होतो. ती देहदंडाची शिक्षा. युट्टाने पत्करला तो स्वेच्छेचा, आजन्म एकांतवास.

स्पोनहाइमच्या काउंटची ही मुलगी 1092 च्या सुमारास जन्मली. बारा वर्षांची असताना मोठं दुखणं आलं, तेव्हा बरी झाले तर देवाला वाहून घेईन, असं तिने बोलून टाकलं. पुढे तिला तीर्थयात्रेला निघायचं होतं. भाऊ माइनहार्डने अडवलं आणि डिझिबोडेनबर्गचा मठ सुचवला. हा मठ नाहे आणि ग्लान नद्यांच्या संगमाजवळच्या टेकडीवर होता. 1 नोव्हेंबर 1112 रोजी, सर्व संतांच्या सणाला, युट्टा तिथल्या कोठडीत गेली. सोबत हिल्डेगार्डही होती. हिल्डेगार्डला आठव्या वर्षी कोंडलं, असं सर्रास छापलं जातं, ते चूक. आठव्या वर्षी आईवडिलांनी तिला धर्मजीवनासाठी अर्पण केलं. कोठडीत शिरली तेव्हा ती 14 वर्षांची होती.

प्रवेशाची वाट दगड रचून बुजवली होती, हे खरं. पण एक लहान खिडकी राखलेली होती. ठरलेल्या वेळी आल्यागेल्याशी बोलणं तिथूनच व्हायचं, गरजेच्या वस्तूही तिथूनच आत यायच्या.

अशा कोठडीचा रोजचा संसार कसा चाले, याचा तपशील इंग्लंडमध्ये मिळतो. 13व्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे तीन कुलीन बहिणींसाठी नियम लिहून दिले गेले. खिडक्या तीन : एक चर्चमध्ये उघडणारी, एक मोलकरणींसाठी, एक भेटायला येणाऱ्यांसाठी. खिडक्या शक्य तितक्या लहान, पडदा काळा, त्यावर पांढरा क्रूस. मोलकरणी दोन, एक घरात थांबायची, दुसरी बाहेरची कामं करायची. ईस्टरपासून सप्टेंबरमधल्या क्रूसाच्या सणापर्यंत, शुक्रवार आणि इतर उपासाचे दिवस सोडून, दोन वेळा जेवण. मांस आणि चरबी फक्त आजारपणात. प्रकृतीसाठी वर्षातून चारदा रक्त काढायचं आणि त्यानंतर तीन दिवस विश्रांती घ्यायची.

प्राणी पाळायचा तर फक्त मांजर. गाय का नको, याचं कारण फार नेमकं दिलं आहे : चाऱ्याची काळजी लागते, आणि गाय कोंडवाड्यात गेली की राखणदाराची मनधरणी करा, वर नुकसान भरून द्या. मग प्रार्थना कधी करायची? लोकांच्या ठेवी सांभाळू नका आणि कोठडीची शाळा करू नका, हे नियमही त्याच काळजीतून आले. एकांत मोडायचा तो बहुधा खिडकीपाशीच.

युट्टाचं स्वतःचं व्रत याहून कडक होतं. ती रोज बायबलमधली सगळी 150 स्तोत्रं म्हणायची आणि आठ वर्षं तिने मांस वर्ज्य केलं होतं. 22 डिसेंबर 1136 रोजी ती वारली. देहाला स्नान घालणाऱ्या तिघींत हिल्डेगार्ड होती. तेव्हा अंगाभोवतीची साखळी दिसली. त्या साखळीने युट्टाच्या शरीरावर तीन खोल वळ पाडले होते. हिल्डेगार्डने पुढे पत्रांतून अतिकठोर उपासतापासाविरुद्ध बजावलं, ते वाचताना हे वळ लक्षात ठेवावेत.