एका सकाळीत बोरिवलीचं नॅशनल पार्क कसं बघावं? बिबट्या दिसेल का?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात पुण्याहून येताय, हातात एकच सकाळ आहे, सोबत आठ वर्षांची लेक आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आहेत, आणि लेकीला बिबट्याच बघायचाय. मी या जंगलाच्या भिंतीपासून दहा मिनिटांवर वाढलो. अजूनही आठवड्यातून दोनदा तरी आत जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बिबट्या बहुतेक दिसणार नाही, हे लेकीला आधीच सांगून ठेवा. इतक्या वर्षांत मला तो दिवसाउजेडी एकदाच दिसला, तोही झुडपात शिरताना, मागून. पण तो तिथे आहे. 2015 साली कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावून मोजणी झाली तेव्हा पार्क आणि आसपासच्या भागात 35 बिबटे नोंदले गेले. पार्क साधारण 104 चौरस किलोमीटरचं आणि चहूबाजूंनी शहर, हे लक्षात घेतलं की तो आकडा केवढा आहे ते कळतं. तो माणसाला टाळतो, रात्री फिरतो, पोटापाण्याला चितळ-सांबर आणि वस्त्यांच्या कडेची भटकी कुत्री असतात. म्हणून मी लहान मुलांना ‘बिबट्या बघायला जाऊ’ असं न म्हणता ‘बिबट्याच्या खुणा शोधायला जाऊ’ म्हणतो.

त्यासाठी शिलोंढ्याची वाट धरा. पार्काच्या निसर्ग माहिती केंद्राकडे आधी नोंदणी करावी लागते आणि सोबत वाटाड्या येतो. तो घ्याच, त्याच्याशिवाय आतल्या वाटांवर जायची परवानगी नाही आणि जाऊही नये. वाट बरीचशी सपाट आहे, पुढे ओढ्याच्या दगडांतून जाते. मागच्या हिवाळ्यात माझी भाची सोबत होती. ओढ्याच्या ओल्या वाळूवर वाटाड्या एकदम थांबला आणि त्याने खाली बोट दाखवलं. चार बोटं, मागे रुंद गादी, नखांचा मागमूस नाही. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्या नखं आत ओढून चालतो. ठशाच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या, म्हणजे रात्रीचाच. भाची घरी अखंड बोलणारी मुलगी, पुढची दहा मिनिटं ती एक शब्द बोलली नाही. प्रत्यक्ष प्राणी दिसला असता तरी ती याहून जास्त हरखली असती असं मला वाटत नाही.

कानही उघडे ठेवा. वानर झाडावरून खोकल्यासारखं खाकरायला लागलं आणि तेवढ्यात चितळाची तीक्ष्ण हाक आली, तर वाटाड्या हात वर करून सगळ्यांना थांबवेल. तेव्हा खरंच थांबा. बहुतेक वेळा पुढे काही होत नाही, पण ती शांतता अनुभवण्यासारखी असते.

डिसेंबर तसा फार चांगला महिना. वाटेवर दोन झाडांच्या मध्ये सोनेरी चमक असलेली भलीमोठी जाळी दिसतील. ती जायंट वुड स्पायडर या कोळ्याची. मधोमध बसलेली मादी तळहाताएवढी पसरते आणि त्याच जाळ्यात कुठेतरी दाण्याएवढा नर असतो, तो लेकीला शोधायला सांगा. खुळखुळ्याच्या झुडपांवर ब्लू टायगर आणि कॉमन क्रो फुलपाखरं झुंबडलेली असतात. त्यातले बहुतेक नर, त्या झाडातली विशिष्ट द्रव्यं मिळवायला आलेले. स्वर्गीय नर्तक पक्ष्याची लांब पांढरी शेपटी फांद्यांतून एकदा जरी फडकली तरी सकाळ सार्थकी लागली. पानं झडलेला कांडोळ पांढऱ्याफटक सालीमुळे दुरूनही ओळखू येतो. लोक त्याला भुत्या म्हणतात, ते नाव लेकीला नक्की आवडेल. कारवीची झुडपं मात्र तुम्हाला हिरवीच दिसतील. कारवी आठ वर्षांनी फुलते, 2016 नंतर 2024 ला फुलून गेली. आता 2032. तेव्हा पावसाळ्याच्या शेवटी लेकीला पुन्हा घेऊन या.

सासूबाईंना शिलोंढ्याला नेऊ नका, दगडांवर गुडघ्यांचे हाल होतील. तुमच्यापैकी एकाने त्यांना घेऊन थेट पार्कातल्याच कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांकडे जावं, बाकीच्यांनी नंतर गाठावं. सगळी शंभरावर लेणी बघायचा हट्ट धरू नका. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं दालन, सुरुवातीलाच आहे. व्हरांड्यात दोन्ही बाजूंना साधारण सात मीटर उंच बुद्धमूर्ती, आत खांबांच्या रांगा आणि शेवटी स्तूप. थोड्या पायऱ्या आहेत, पण हात धरून चढता येतील. तिथे निवांत बसू द्या त्यांना.

लेकीला मात्र पाण्याची टाकी दाखवा. जवळपास प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात टाकं खोदलेलं आहे, वर पाणी वळवायला पन्हळी आहेत. ब्राह्मी शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलंय. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दान दिल्याच्या नोंदीही इथे आहेत. भिक्षू याच डोंगरावरचा पाऊस चार महिने साठवून वर्षभर पुरवत. पुढे 1860 मध्ये विहार आणि 1879 मध्ये तुळशी तलाव बांधले गेले, तेही याच डोंगरांचं पाणी अडवून, आणि दोन्ही आजही मुंबईला पाणी देतात. हे पाणलोट राखायचे म्हणूनच इथलं बरंचसं जंगल वाचलं. म्हणून कोणी याला ‘शहरातली वाया जाणारी जमीन’ म्हटलं की माझ्या जिवाला लागतं.

भीतीबद्दलही विचारलंय तुम्ही. 2002 ते 2004 या काळात इथे बरेच हल्ले झाले, माणसं गेली. दुसरीकडे पकडलेले बिबटे इथे आणून सोडणं हे त्यामागचं एक मोठं कारण, असं अभ्यासकांनी दाखवून दिलं. पुढे ते थांबलं, आणि हल्लेही खूप कमी झाले. आतल्या पाड्यांवरचे वारली आजही वाघोबाला, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रूपातल्या देवाला, पुजतात. त्यांच्यासाठी बिबट्या हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजारी आहे. तुम्ही फक्त इतकं पाळा: लेक मोठ्यांच्या मध्ये चालू दे, पुढे पळू देऊ नका, झुडपाआड एकटीला बसवू नका, आणि अंधाराआधी बाहेर या.

सफारी मी सुचवणार नाही. बंदिस्त आवारातले वाघ-सिंह जाळीच्या बसमधून बघण्यात तुमचा मोजका वेळ जाईल.

सोमवारी पार्क बंद असतं आणि रविवारी फार गर्दी होते, तेव्हा मधला वार निवडा. बोरिवली स्टेशनला पूर्वेला उतरा, तिथून गेट रिक्षाने पाच मिनिटांवर आहे. दार उघडताच आत शिरा, कारण नऊनंतर पक्षी शांत होतात. गेटपासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आहे, आत बस मिळते. पाणी स्टीलच्या बाटलीत घ्या, कपडे मातकट रंगाचे घाला.

परतताना वाटेत पाड्यांवरच्या बाया टोपलीत बोरं, आवळे, काकड्या घेऊन बसलेल्या दिसतील. त्यांच्याकडून जरूर घ्या, फक्त गेटबाहेर पडेपर्यंत पिशवीतून काढू नका, माकडं हातातून ओढून नेतात.