सहाशे डॉलर आणि एक पिस्तूल

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

परवा रात्री फोनवर तू दोन पिस्तुलांची नावं सांगितलीस, किमती सांगितल्यास आणि म्हणालीस, "काका, एकच सांगा, कुठलं घेऊ?" मी "लिहून कळवतो" म्हटल्यावर हसलीस. हस. रविवारच्या मराठी शाळेत तुझ्याकडून बाराखडी घोटून घेतली, ती कधीतरी वसूल करायचीच होती. इंग्रजीत दोन ओळी पाठवल्या असत्या तर जिन्यातच वाचून विसरली असतीस. आता बसून वाच.

पिस्तूल घ्यावं की नाही, हे तू मला विचारलेलं नाहीस आणि मीही त्यात शिरत नाही. पार्किंगमध्ये गाडीची काच फुटली, लॅपटॉप गेला, तेव्हापासून तू दाराला खुर्ची लावून झोपतेस. हे तुझ्या आईला माहीत नाही, मला आहे. तू सज्ञान आहेस, इथली नागरिक आहेस, ठरवलंस ते ठरवलंस. मंडळातली निम्मी माणसं नाक मुरडतील. माझ्याकडे बघून पंधरा वर्षं मुरडतायत. माळकऱ्याच्या घरातला मुलगा आणि उशाशी बंदूक! त्यांना उत्तर द्यायचं मी सोडून दिलंय. (उशाशी नाही, पेटीत. तो भाग पुढे येतोच.)

तर तुझा प्रश्न. तुझ्यापाशी सहाशे डॉलर आहेत. टॉरसचं जी-टू-सी अडीचशेच्या आसपास मिळतं, ग्लॉक नाइन्टीन साडेपाचशेच्या पुढेमागे. स्वस्त घेतलं तर फसेन का आणि महाग घेतलं तर नेम चांगला लागेल का, या दोन टोकांमध्ये तू झुलते आहेस. बाळा, दोन्ही प्रश्न चुकीचे आहेत. पिस्तूल हा या सगळ्या खर्चातला लहान आकडा असला पाहिजे. साडेपाचशेचं पिस्तूल आणून उरलेल्या पन्नासात तू काय करणार? दोन-तीन खोके गोळ्या घेशील, एका रविवारी उडवशील आणि पिस्तूल कपाटात जाईल. अडीचशेचं घेतलंस तर साडेतीनशे हातात राहतात. त्यातले चाळीस-पन्नास कुलपाच्या पेटीला, तेवढेच कानाच्या मफला आणि चष्म्याला. उरलेल्या अडीचशेत साधारण हजार गोळ्या येतात. हजार गोळ्या झाडलेली अडीचशेवाली आणि शंभर झाडलेली साडेपाचशेवाली समोरासमोर उभ्या कर आणि मग मला विचार, फसलं कोण.

ग्लॉक वाईट आहे असं मी म्हणत नाही. उद्या पगार वाढला तर घे. मी म्हणतोय ते आकड्यांबद्दल.

आता माझं ऐक. २०१० साली मी काकूसाठी पिस्तूल आणलं. दुकानातला माणूस म्हणाला, बायकांच्या हाताला लहानच बरं, आणि मला ते पटलं. मी इंजिनिअर माणूस, संवेगाचा नियम पोरांना शिकवलेला, तरी पटलं. पॉइंट थ्री एटी मापाच्या गोळीचं, खिशात मावणारं, वजन पावशेराहून जरासंच जास्त. आता विचार कर, गोळीचा धक्का तर तेवढाच, मग हत्यार हलकं असेल तर तो जाणार कुठे? हातात. काकूने पाच गोळ्या झाडल्या. अंगठा आणि तर्जनीच्या मधली कातडी लाल झाली. तिने ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "हे तुमचं तुम्ही सांभाळा." त्यानंतर तिने त्याला हात लावला नाही. मीही फारसा नाही. तीनशे डॉलरची वस्तू, पाच गोळ्या, म्हणजे एका गोळीला साठ डॉलर पडले. म्हणून तुला सांगतो, काउंटरवरच्या माणसाने "फॉर द लेडी" म्हणून एखादं इवलंसं गुलाबी काही पुढे केलं तर तिथून निघ.

आणि ते गेलं कुठे? पलंगाजवळच्या ड्रॉवरमध्ये, भरलेलं. पेटी घेतली नव्हती. पिस्तुलावर तीनशे घातले होते ना, आणखी चाळीस कशाला! त्या वर्षी घरी गणपतीला साठ-सत्तर माणसं होती. खाली आरती चाललेली, पोरं वरच्या खोलीत. 'घालीन लोटांगण' सुरू झालं आणि जिन्यावरून एक सात वर्षांचा मुलगा खाली आला, दोन्ही हातांत ते धरून, प्रसादाची वाटी धरावी तसं. मला म्हणाला, "काका, हे खरंय?" मी ते घेतलं, मॅगझिन (गोळ्यांची डबी) काढलं, स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढून चेंबरमधली, म्हणजे नळीत चढलेली, गोळी बाहेर काढली. एका कोपऱ्यात मी हे करतोय आणि बाकीचे टाळ्या वाजवतायत, डोळे मिटून. कुणीच पाहिलं नाही.

त्याच्या आईवडिलांना मी आजवर सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं असं तू म्हणशील. काकूही म्हणते. सांगून काय झालं असतं? त्यांनी येणं सोडलं असतं आणि मला बरं वाटलं असतं. मी दुसऱ्या दिवशी पेटी आणली आणि तेव्हापासून दर गणपतीत जो कोणी बंदुकीबद्दल बोलतो त्याला पेटीबद्दल विचारतो. माझ्यापुरतं मी ते असं फेडलंय. पुरेसं आहे की नाही, ठाऊक नाही. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागेल असं ठेवणं हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे, हेही मी नंतर वाचलं. आधी वाचायला काय झालं होतं?

तेव्हा पेटी पिस्तुलाच्या आधी घ्यायची. त्याच दिवशीही नाही, आधी. आणि गाडीत ठेवायचं नाही. ज्याने काच फोडून लॅपटॉप नेला तो पिस्तूल सोडून जाईल होय? पर्समध्येही नाही. किल्ल्या, लिपस्टिक आणि चाप एका पिशवीत नांदत नाहीत.

जी-टू-सीबद्दल दोन शब्द, कारण तू तेच घेणार असं मी धरून चाललोय. गोळी नाइन एमएमची, नळी सव्वातीन इंचांची, मॅगझिनमध्ये बारा गोळ्या, रिकामं वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या घरात. खिशातल्या खेळण्यापेक्षा जड आहे आणि ते जडपण तुझ्या बाजूने आहे. अंगठ्याशी सेफ्टीचा खटका आहे. त्याच्यावर विसंबू नकोस. खटका यंत्राचा असतो, बोट आपलं असतं. कॉलेजात एनसीसीला पॉइंट टू टूच्या रायफलीवर आमचे उस्ताद बोट चापावर दिसलं की छडीने टोकायचे. चाळीस वर्षं झाली, अजून ड्रिल मशीन हातात घेतलं तरी माझं बोट आपोआप बाहेर राहतं. चाप लांब आहे, बराच वेळ नुसता पोकळ येतो आणि मग कडक लागतो. लोक नावं ठेवतात. शंभर गोळ्यांनंतर तुला ती जागा अंधारातही सापडेल. नळी आखूड म्हणजे नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी जवळजवळ, त्यामुळे हाताची बारीकशी चूकही निशाण्यावर मोठी दिसते. मला ही गोष्ट आवडते. काहीच लपत नाही.

पहिल्या महिन्यात माझ्या जी-टू-सीने दोनदा अडकून दाखवलं. रिकामं काडतूस स्लाइडमध्ये धुराड्यासारखं उभं. मी पिस्तुलाला शिव्या दिल्या. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, शेजारच्या लेनमध्ये एक निवृत्त डेप्युटी (पोलिसातला) होता, त्याने तेच पिस्तूल घेतलं आणि दोन मॅगझिनं गपगप रिकामी केली. मनगट माझं ढिलं होतं. स्लाइडला मागे जायला पाठीशी काहीतरी घट्ट लागतं ना! मग त्याने आणखी एक खोडी केली. मला न सांगता माझ्या मॅगझिनमध्ये मधेच एक खोटी गोळी घातली, प्लॅस्टिकची. मी धाड धाड मारतोय आणि एकदम नुसतं 'टक्'. बार झालाच नाही, तरी नळीने खाली डुबकी मारली, चांगली दोन इंच. मी आवाजाच्या आधीच घाबरत होतो. माझे सगळे छेद निशाण्याच्या खाली डावीकडे का पडत होते ते त्या एका 'टक्'ने सांगितलं. हे कुठलंही महागडं पिस्तूल सांगत नाही. पाच डॉलरच्या खोट्या गोळ्या सांगतात.

त्याच खोट्या गोळ्या घरीही कामाला येतात. २०२०-२१ मध्ये इथे खऱ्या गोळ्याच मिळेनाशा झाल्या, मिळाल्या तर दुप्पट-तिप्पट भाव. मी ते सबंध वर्ष ड्राय फायरवर, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढायच्या सरावावर काढलं. खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत, दार बंद. मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्याने बघायचं, बोटाने चाचपायचं. मग पलीकडे कुणी नसेल अशी भिंत धरून, माशीमागे स्लाइडवर एक नाणं ठेवून चाप ओढायचा. नाणं पडता कामा नये. रोज दहा मिनिटं. जी-टू-सीचा चाप दर वेळी स्लाइड न ओढताही पुन्हा ओढता येतो, तेवढी सोय आहे. वर्षाने रेंजवर गेलो तर छेद मुठीएवढ्या जागेत. फुकट! आणि लोक अजून मला विचारतात, कुठल्या कंपनीचं घेऊ.

एक वही घाल. तारीख, किती गोळ्या, किती अडकल्या, छेद कुठे गेले. दोनशे तरी गोळ्या विनातक्रार गेल्याशिवाय त्या पिस्तुलावर जिवाची भिस्त ठेवायची नाही आणि त्या दोनशेचा हिशेब डोक्यात राहत नाही. ऑफिसात एक्सेल शीटं भरतेस, हे चार रकाने भरायला काय होतंय?

कायद्याचं थोडक्यात. तुझी नागपूरची रूममेट एच-वन-बीवर आहे. तिला बिचारीला उत्सुकता असणार. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला इथे बंदूक किंवा गोळ्या बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर नाहीच. म्हणजे रेंजवर "एकदा धरून बघ" हेही नको, आणि पेटीची किल्ली तिच्याजवळ तर नकोच. तिचं ग्रीन कार्डचं सगळं आयुष्य तू एका सेल्फीसाठी पणाला लावशील. आणि दुकानात पिस्तूल घेताना भरायच्या ४४७३ नंबरच्या फॉर्मवर विचारतात, हे तू स्वतःसाठीच घेते आहेस ना. दुसऱ्या कुणाच्या पैशाने, दुसऱ्या कुणासाठी घेऊन तिथे 'हो' लिहिलंस तर तो गंभीर गुन्हा आहे. मैत्री, शेजारधर्म काही चालत नाही. २०२१च्या सप्टेंबरपासून टेक्सासमध्ये एकवीस वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय जवळ बाळगता येतं, हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल. तरी परवान्याचा वर्ग कर. त्याचेही पैसे त्या साडेतीनशेतूनच काढ, गोळ्या कमी घे.

आता जे लिहायला मी दोन दिवस टाळलं ते. तू एकटी रेंजवर गेलीस आणि पिस्तूल भाड्याने मागितलंस तर काही जण देणार नाहीत. सोबत कुणी आहे का, विचारतील. अपमान वाटून घेऊ नकोस. २०२१ साली या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातली २६,३२८ आपल्याच हाताने. चोर-दरोडेखोरांच्या गोष्टी आपण सांगतो, हा आकडा कुणी सांगत नाही. मागच्या वर्षी ते सगळं मोडलं तेव्हा तू तीन महिने माझा फोन उचलला नव्हतास. पुन्हा तसे दिवस आले, येतात माणसावर, तर ती पेटी माझ्याकडे आणून ठेव. दार उघडीन, पेटी घेईन, चहा देईन. एक शब्द विचारणार नाही. आणि मी फोन केला तर उचल गं.

घेण्याच्या आधी दोन्ही भाड्याने मारून बघू. शनिवारी सकाळी नऊला येतो, दोन लेन सांगून ठेवल्यात. बंद गळ्याचा शर्ट घाल. गरम काडतूस उडून गळ्यात पडलं की माणूस नाचतो, आणि नाचताना हातातली नळी कुठेही फिरते. बूट घाल, चपला नकोत. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही. मी सुरुवातीला नुसत्या बोळ्यांवर भागवलं, तर डाव्या कानात कायमचा रातकिडा बसलाय, आत्ता लिहिताना वाजतोय. कोणतं घ्यायचं ते रेंजवर तुझं तू ठरव. मी बोलणार नाही. (बोलेन.)

तिथून आमच्याकडेच जेवायला. काकूने साबुदाणा भिजत घालते म्हणून सांगितलंय. मात्र आल्याबरोबर गार पाण्याने, साबण लावून, कोपरापर्यंत हात धुवायचे. शिसं असतं त्या धुरात. मी एकदा तसाच पानावर बसलो होतो, तिने ताट उचलून नेलं.

तुझा,
काका