वाचकांचे प्रश्न : वाटेत मैत्रिणीचं घर लागतं, जावं का?

प्रश्न : ताई नमस्कार, प्रश्न तसा साधाच आहे पण महिनाभर डोक्यात घोळतोय. माझी कॉलेजपासूनची मैत्रीण चिपळूणची. फेब्रुवारीत तिचे वडील गेले, झोपेतच. तेव्हा माझ्या मुलीची दहावी तोंडावर, नवरा टूरवर, मला जाता आलं नाही. ग्रुपवर सगळ्यांनी टाकलं तसं मीही 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं आणि फोन करू करू म्हणत केलाच नाही, आता तर करायची लाज वाटते. काकांची माझ्यावर फार माया होती. 2021 च्या जुलैमध्ये चिपळुणात पूर आला तेव्हा मी टीव्ही बघून घाबरून सारखे फोन लावत होते, कुणाचाच लागेना, दोन दिवसांनी काकांचाच आला. आम्ही माळ्यावर होतो, सगळे धड आहोत, तू जेवलीस का, असं विचारत होते. आता मे महिन्यात आम्ही गुहागरला चाललोय, मी, नवरा, दोन्ही मुलं (धाकटा आठ वर्षांचा) आणि सासूबाई. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण म्हणजे घर अगदी वाटेवरच. नवरा म्हणतो ट्रिपला जाताना सगळं लटांबर घेऊन दुःखाच्या घरी कसं जायचं, वेगळी जा कधीतरी. सासूबाई म्हणतात जायचंच तर परत येताना. मला कळत नाहीये, आणि गेले तरी तीन महिन्यांनी काय बोलू?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : जा. आणि जातानाच जा, परत येताना नको. येताना मुलं दमलेली असतात, गाडीभर वाळू, ओले कपडे, घाट अंधाराच्या आत चढायची घाई, मग 'पुढच्या वेळी नक्की' असं म्हणून गाडी सरळ पुढे जाते. वेगळी जाईन कधीतरी यातलं कधीतरी येत नाही हे तीन महिन्यांत तुम्हीच बघितलंय.

आज-उद्यात फोन करा. मेसेज नको, फोनच. 'आम्ही गुहागरला चाललोय, आधी तुझ्याकडे येतोय, काकूंना भेटायचंय' असं सरळ सांगा, खास भेटायलाच येतोय वगैरे काही रचू नका. तेव्हा का आले नाही ते एका वाक्यात सांगा आणि तिथेच थांबा, नाहीतर तीच तुमची समजूत काढत बसेल. पुण्याहून पहाटे निघालात तरी चिपळूणला जेवणाच्या वेळेलाच पोचणार आणि काकू स्वयंपाकाला उठणार, म्हणून कोयनानगरला नाहीतर पाटणला जेवून घ्या आणि चहाला येतो असं आधीच कळवा. सुतक तेराव्यालाच संपलं, त्यामुळे काय न्यावं याचा फार विचार नको, फळं न्या. मिठाई नको, बऱ्याच घरांत वर्षश्राद्ध होईपर्यंत गोडाधोडाचं करत नाहीत. निघताना 'येते' म्हणायचं नाही ही रीत सासूबाईंना माहीत असेलच, मुलांना मात्र गाडीतच सांगून ठेवा. धाकट्याला हेही सांगा की तिथले आजोबा आता नाहीत, भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो असेल, आणि त्याने काही विचारलं तर विचारू दे, त्याला गप्प करत बसू नका.

सासूबाईंना बरोबर न्याच. त्यांना अवघडल्यासारखं वाटेल हे खरं, पण काकूंना तीन महिन्यांत त्यांच्या वयाचं, घाईत नसलेलं माणूस किती वेळा भेटलं असेल? तुम्ही दोघी मैत्रिणी आत रडाल, बाहेर त्या दोघी गुडघेदुखी, झोप न लागणं, कुठल्या डॉक्टरांचं औषध असं बोलतील, त्यातूनच काकू काकांवर येतील. मी हे बऱ्याच घरांत बघितलंय.

आता काय बोलू. हे जरा सविस्तर लिहिते कारण मीही अशीच उशिरा गेले होते, दीड महिन्याने.

माझ्या मैत्रिणीचे वडील एसटीत कंडक्टर होते, चिपळूण-कराड गाडीवर. आम्ही दोघी कराडला शिकायला. चिपळूणहून कराडला जायला रेल्वे नव्हती, अजूनही नाही, सरळ रस्ता म्हणजे कुंभार्ली घाट. आणि मला गाडी लागायची. पोफळी सोडलं की पोटात ढवळायला सुरुवात, घाटातल्या पहिल्या वळणापासून मी पिशवी हातात धरून बसलेली. मैत्रीण माझ्या शेजारी, पण ती गाडीत बसली की पाच मिनिटांत झोपायची ती थेट पाटण आलं की उठायची. काका पोफळीच्या आधीच सगळी तिकिटं फाडून मोकळे व्हायचे, तेव्हा मशीन नव्हतं, पत्र्याची पेटी, त्यात रंगीत तिकिटांचे गठ्ठे आणि हातात ते टकटक वाजणारं पंच. मग मला खुणेने बोलवायचे, 'वाहकासाठी' लिहिलेल्या त्यांच्या सीटवर खिडकीशी बसवायचे, स्वतः दांडा धरून उभे राहायचे आणि पेटीच्या कोपऱ्यातून कागदात गुंडाळलेली आलेपाकाची वडी काढून द्यायचे. चघळ, गिळू नको, समोर रस्त्याकडे बघ. एवढंच बोलायचे. घाट संपून हेळवाक आलं की 'जा आता जागेवर', आणि स्वतः बसून वेबिल लिहायला घ्यायचे. पाच वर्षं, प्रत्येक सुट्टी संपवून कराडला जाताना.

भेटायला गेले तेव्हा मलाही काही सुचत नव्हतं. वय झालं होतं, सुटले, देवाच्या मनात होतं, असलं त्या घरात सगळ्यांनी बोलून झालं होतं. मग मी हे आलेपाकाचं सांगितलं. मैत्रीण बघतच राहिली, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, ती झोपलेली असायची ना. आणि काकू आतून बाहेर आल्या, हात पदराला पुसत, म्हणाल्या, म्हणजे तुझ्यासाठी होतं होय ते? घरात आलेपाक कुणीच खात नव्हतं. वाण्याच्या यादीत दर महिन्याला काका स्वतःच्या हाताने शेवटी लिहायचे, आलेपाक पाव किलो, आणि काकूंना इतकी वर्षं वाटत होतं की यांनाच ड्युटीवर खायला लागतं. मग त्यांना आठवलं की रिटायर झाल्यावर ते यादीतनं गेलं. त्या हसल्या, मग रडल्या, मग मला म्हणाल्या परत सांग, नीट सांग, कुठे बसवायचे तुला?

माझ्या दृष्टीने भेटायला जायचं ते यासाठी. मुलांना वडील घरातलेच माहीत असतात, रागावणारे, पेपर वाचणारे, औषध घ्यायला विसरणारे, बाहेर ते कुणाशी कसे वागले ते त्या बाहेरच्यांनीच येऊन सांगायचं असतं. तुमच्याकडे पुराच्या वेळचा तो फोन आहे. गावभर चिखल, घरात होतं नव्हतं ते भिजलेलं, आणि फोन लागल्या लागल्या काका पुण्यातल्या मुलीला जेवलीस का विचारतायत. हे तुमच्या मैत्रिणीला माहितेय का? मला वाटतं नसेल, त्या दोन दिवसांत कोण कुणाला फोन करतंय याकडे कुणाचं लक्ष असणार. तेच सांगा, जसं झालं तसं, त्यांच्या शब्दांत. तासभर बसा आणि निघा, गुहागर तिथून सव्वा-दीड तासावर आहे, संध्याकाळी मुलं समुद्रावर असतील.

प्रश्न : माझे वडील गेल्या वर्षी वारले. त्यांचे एक जुने मित्र दर आठ-पंधरा दिवसांनी घरी येतात आणि दोघांनी एसटीने केलेल्या पंढरपूरच्या फेऱ्यांच्या त्याच त्याच गोष्टी सांगतात. मी जवळपास पाठ केल्यात. पण दर वेळी आईच्या डोळ्यांत पाणी येतं, ते गेल्यावरही बराच वेळ गप्प बसते. त्यांना थांबवू का? कसं सांगू, वाईट वाटेल त्यांना.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : आईला विचारलंत का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. आज चहा घेताना विचारा, काका येतात ते नको वाटतं का तुला. ती हो म्हणाली तर काकांना मी सांगते तसं सांगा, की आईला सध्या त्रास होतो, आपण दोघं कट्ट्यावर भेटत जाऊ, गोष्टी मला सांगा. त्यांचाही तो सोबती गेलाय आणि त्यांच्याकडे भेटायला फारसं कुणी आलं नसेल. पण माझा अंदाज आहे की ती नाहीच म्हणेल. तसं असेल तर तिला रडू दे आणि तुम्ही उठून आत जाऊ नका, तिथेच बसा.

आणि एक सुचवते. आईची पंच्याहत्तरी झाली असेल तर 2022 पासून राज्यात एसटीचा प्रवास तिला फुकट आहे, काका त्याच वयाचे असतील तर त्यांनाही. कार्तिकीची गर्दी ओसरली की तिघं मिळून पंढरपूरला जाऊन या, त्याच एसटीने, गाडी करून नको. आई नको म्हणाली तर आग्रह करू नका, दोन महिन्यांनी परत विचारा. गेलात तर खिडकी आईला द्या आणि काकांना तिच्या शेजारी बसवा, कुठल्या स्टँडवर दोघं चहाला उतरायचे ते त्यांना दाखवू दे.