सव्वातीन लाखांचा पियानो आणि साडेचार लाखांची एफडी

ठाण्याहून एका ताईंचा मेल आलाय. वय ४६, नोकरी, हातात ८२ हजार येतात. नवऱ्याचा छपाईचा छोटा धंदा आहे, त्यात कधी २५ हजार येतात तर कधी ४५. घरखर्च होमलोनच्या २७ हजारांच्या हप्त्यासकट महिन्याला ६५ हजार, म्युच्युअल फंडातली एसआयपी १० हजारांची, मुलगा बारावीत. लहानपणी पेटी शिकलेल्या, गांधर्वच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिलेल्या, मग लग्न नोकरी वगैरे. आता पियानो शिकायचाय. सोसायटीतलं एक कुटुंब कॅनडाला चाललंय, त्यांचा ३० वर्षं जुना अपराइट, म्हणजे उभा, पियानो सव्वातीन लाखांना मिळतोय. पैसे कुठून आणायचे याचे तीन पर्याय त्यांनीच लिहिलेत: साडेचार लाखांची एफडी मोडायची, एसआयपी दोन वर्षं थांबवायची, किंवा पर्सनल लोन. आणि शेवटी एक ओळ, "मिस्टर म्हणतात या वयात कशाला, तुम्हीच सांगा."

ताई, आधी मिस्टरांचं घेते म्हणजे तो विषय मिटेल. या वयात कशाला हा पैशाचा प्रश्नच नाहीये. महिना साडेतीन हजार क्लासची फी तुमच्या बजेटमध्ये आरामात बसते, ८२ मधून ६५ खर्च आणि १० एसआयपी गेली तरी ७ उरतात आणि हे मिस्टरांचा एक रुपया न धरता. त्यामुळे क्लास लावा, उद्या लावा, त्यासाठी माझी परवानगी नको आणि कोणाचीच नको. उपयोग काय, पुढे काय करणार, असले प्रश्न मी छंदाच्या खर्चाला विचारत नाही. घरात मोठा टीव्ही येतो तेव्हा कोणी विचारतं का या वयात कशाला म्हणून?

पण पियानो विकत घेणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तुम्ही दोन्ही एकाच पिशवीत घातलंय.

एफडी बघू. ६५ हजार महिन्याचा खर्च म्हणजे सहा महिन्यांचे ३ लाख ९० हजार झाले. मिस्टरांचं उत्पन्न वरखाली आहे, मुलाच्या ॲडमिशनचा खर्च सात-आठ महिन्यांवर आलाय, अशा घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला असणं ही चैन नाही हो, ते जेवणाचं ताट आहे. मग तुमच्या ४ लाख ५० हजारांतले पियानोला मोकळे किती? ६० हजार. बाकीची एफडी तुमच्या नावावर असली तरी ती घराच्या अडीअडचणीची आहे. सव्वातीन लाख काढलेत तर सव्वा लाख उरतील, दोन महिन्यांचा खर्च.

एसआयपीवाला पर्याय सगळ्यात निरुपद्रवी वाटतो कारण त्यात खिशातून काहीच जात नाही, उलट दर महिन्याला १० हजार उरल्यासारखे वाटतात. पण दोन वर्षांत न भरलेले हे २ लाख ४० हजार, १० टक्के परतावा धरला (आणि हे मी धरतेय, बाजार काही लिहून देत नाही), तर तुमच्या साठीपर्यंत साधारण पावणेनऊ लाख झाले असते. म्हणजे पियानोची किंमत सव्वातीन नाही. शिवाय माझा अनुभव असा की दोन वर्षांसाठी म्हणून थांबवलेली एसआयपी दोन वर्षांनी आपणहून सुरू होत नाही, तोवर दुसरं काहीतरी निघालेलं असतं.

पर्सनल लोन, तर सरळ नाही. १४ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी ४ लाखांचा आकडा तुम्ही लिहिलाय (सव्वातीनचे ४ कसे झाले, शिफ्टिंग, दुरुस्ती धरून बहुतेक), त्याचा हप्ता येतो १३ हजार ७०० च्या आसपास आणि एकूण व्याज ९२ हजार. तुमच्याकडे उरतात ७ हजार. ज्या महिन्यात छपाईचं काम कमी येईल त्या महिन्यात काय कराल?

आता तुमच्या मेलमधल्या एका वाक्याकडे येते, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुम्ही लिहिलंय, "एवढे पैसे घातले की मागे फिरता येणार नाही, मग रियाज होईलच." ताई, मी ही चूक स्वतः केलेली आहे. तीन वर्षांपूर्वी जर्मन शिकायचं म्हणून वर्षाची फी एकदम भरली, १८ हजार, हेच लॉजिक, पैसे गेलेत म्हटल्यावर जाईनच. दुसऱ्या महिन्यात डेर-डी-डासमध्ये, म्हणजे जर्मन नामांच्या लिंगांत, अडकले आणि क्लासच्या दिवशी नेमके क्लायंटचे फोन महत्त्वाचे वाटायला लागले. भरलेले पैसे खुर्चीत बसवत नाहीत हो, फक्त न बसल्याची टोचणी देतात. जर्मनचं पुस्तक निदान कपाटात तरी जातं, अपराइट पियानो हॉलमध्येच राहणार, वर फोटोफ्रेम आणि फुलदाणी ठेवलेली.

आणि त्या पियानोबद्दल थोडं, कारण किंमत ठरली की खर्च संपला असं तुम्ही धरलंय. अपराइटचं वजन २०० किलोच्या वर जातं, त्यामुळे आधी बघा की लिफ्टमध्ये मावतो का, नाहीतर जिन्याने चार-पाच माणसं लागतील आणि ती या कामाची सवय असलेलीच हवीत. आत २०० हून जास्त तारा असतात, त्यांचा एकत्र ताण १५-२० टनांच्या घरात जातो, तो सगळा बिडाच्या फ्रेमवर आणि ज्या लाकडात खुंट्या ठोकलेल्या असतात त्या लाकडावर येतो. ३० वर्षं ठाण्याचा पावसाळा खाल्लेलं लाकूड म्हणजे खुंट्या सैल झालेल्या असू शकतात, मग ट्यूनिंग केलं तरी टिकत नाही. तारांना गंज, हातोडीच्या फेल्टला कसर, आवाज मोठा करणाऱ्या मागच्या लाकडी फळीला (साउंडबोर्डला) चीर, यातलं काहीही वरून पॉलिश केलेल्या पियानोत दिसत नाही. ट्यूनिंग वर्षातून दोनदा, एका वेळचे तीन-पाच हजार धरून चाला. पेटीचं ट्यूनिंग आपण वर्षानुवर्षं करत नाही, ती सवय इथे चालत नाही. म्हणून मी म्हणेन की स्वतंत्र ट्यूनरने उघडून बघितल्याशिवाय जुना पियानो फुकट मिळाला तरी घेऊ नका, आणि तो ट्यूनर तुम्ही शोधलेला हवा, विकणाऱ्यांनी सुचवलेला नको. ते लोक वाईट असतील असं नाही, पण त्यांचं विमान ठरलंय, त्यांना पियानो घालवायचाय.

मग वाजवायचं कशावर? तुम्ही मेलमध्ये सहज लिहून गेलात की भाचीचा कॅसिओ माळ्यावर पडून आहे, ६१ कीजचा. तो काढा, पुसा. तीन महिने तोच. पेटीवाल्यांना पियानोत दोन गोष्टी नव्या असतात असं मला माझ्याच एका क्लायंटने सांगितलं, ज्या पंचावन्नाव्या वर्षी शिकायला लागल्या. एक म्हणजे पेटीत डावा हात भात्यावर, इथे डाव्या हातालाही स्वतःचं काम असतं आणि सुरुवातीला तो उजव्याचीच नक्कल करत बसतो. दुसरं, आपल्याला सा काळी चारवर लावा नाहीतर पांढरी पाचवर, सवय असते, सा आपण जिथे म्हणू तिथे. स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच ओळींवर लिहायच्या पाश्चात्य स्वरलिपीत, कागदावरचा प्रत्येक ठिपका एका ठरलेल्या पट्टीकडेच बोट दाखवतो, उजव्या हाताच्या ओळी वेगळ्या, डाव्याच्या वेगळ्या. या दोन्हींची घासाघीस व्हायला ६१ कीज भरपूर झाल्या.

जे कॅसिओवर होणार नाही ते म्हणजे बोटाचं वजन. पेटीत आवाज लहानमोठा करायचा तर भाता, पट्टी जोरात दाबली काय की हळू, सारखंच. पियानोत तो आवाज बोट किती जोराने पडतं त्यावर असतो आणि हलक्या प्लॅस्टिकच्या कीजवर फार दिवस राहिलात तर बोटं आळशी होतात. म्हणून कॅसिओ कायमचा नाही. मार्चमध्ये तुमची एफडी मॅच्युअर होतेय असं लिहिलंय, तोपर्यंतच.

तर माझं म्हणणं असं. आत्ता फक्त क्लास. रोज बसलात की कालनिर्णयवर त्या तारखेला टिकली काढा, २५ मिनिटं बसलात तरच, नुसतं पट्ट्या दाबून उठलात तर नाही. मार्चमध्ये टिकल्या मोजा. आठवड्याला सरासरी चार-पाच निघाल्या तर ३ लाख ९० हजारांच्या परत एफडी करा, पण एक मोठी नको, लाख-लाखाच्या तीन आणि एक ९० हजारांची, म्हणजे गरज पडली तर एखादीच मोडावी लागेल, सगळीवर दंड नाही. आणि उरलेल्या ६० हजारांत ८८ कीजचा वेटेड (खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचा) डिजिटल पियानो. यामाहा, रोलंड, कॅसिओ, सगळ्यांचे सुरुवातीचे मॉडेल साधारण याच पट्ट्यात स्टँड-स्टूलसकट बसवता येतात, दुकानात जाऊन स्वतः बोटं टेकवून बघा, मुंबईत धोबी तलावला फुर्तादोजमध्ये एक शनिवार घालवा. हेडफोन लावून रात्री अकराला वाजवता येईल, मुलाच्या अभ्यासात व्यत्यय नाही आणि खालच्या मजल्यावरचे काका सोसायटीत तक्रार करणार नाहीत. ट्यूनिंग शून्य. आणि कंटाळलात तर निम्म्या किमतीला तरी जाईल, दोन माणसं उचलून नेतील.

दुकानात नो कॉस्ट ईएमआय म्हणतील. कॅश आहे तर घेऊ नका. त्यातही बँक व्याज लावतेच, ते डिस्काउंटमध्ये वळतं करतात पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडून जाते. रक्कम छोटी असते, सहाशे-आठशे, पण कॅशवर जो डिस्काउंट मागता आला असता तोही जातो.

पहिल्या वर्षाचा हिशोब: वाद्य ६० हजार, क्लास ४२ हजार, एकूण १ लाख २ हजार. आठवड्याला पाच दिवस २५ मिनिटं म्हणजे वर्षाला १०८ तास, तासाला साडेनऊशेच्या आत. दोनच दिवस बसलात तर तोच तास २३०० च्या वर जातो. हाच हिशोब सव्वातीन लाखांच्या पियानोवर मी करत नाही, तुम्ही करा, बसून करा.

तरीही खरा पियानो हवाच असेल, आणि मला समजतं ते, लाकडातून येणारा आवाज हेडफोनमधून येत नाही, तर वर्षभरानंतर त्याच्यासाठी वेगळी आरडी (दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची रिकरिंग डिपॉझिट) लावा. ५ हजारांची, तीन वर्षं, साडेसहा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळालं तर दोन लाखांच्या जवळ जाते, वर डिजिटल विकून येतील ते. ५ हजार कुठून, तर क्लासनंतर उरणारे साडेतीन आणि बाकीचे दीड मिस्टरांच्या चांगल्या महिन्यांतून. त्यांना सांगा, हा तुमचा वाटा.

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांची पाश्चात्य संगीताची ग्रेड परीक्षा द्यायची का असंही विचारलंय. वयाची अट नाही, फी हजारांत असते, पहिल्या वर्षी मी बजेटमध्ये धरलेली नाही. गांधर्वच्या परीक्षांची तुम्हाला सवय आहे, तारीख असली की अभ्यास होतो अशा स्वभावाच्या असाल तर दुसऱ्या वर्षी धरू.

आणि जुनी पेटी विकून टाकू का, तर नको. तिचे येऊन येऊन किती येणार आणि एफडीच्या आकड्यात त्याने काय फरक पडणार. डिजिटलला प्लग लागतो. लाईट गेली की उजव्या हाताची ओळ पेटीवर वाजवता येईल, कीज त्याच आहेत, फक्त डावा हात परत भात्यावर.