काळ्या चिलखतावरचा मळ, आणि माझा एक जुलै

तो स्प्रेचा डबा आधी खाली ठेवा. "आणखी एक हात मारला तर पांढरेपणा जाईल का?" हे तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि पोटात गोळाच आला. नाही जाणार. वाढेल. हे मी टेबलावरच्या युद्धखेळाचे, हाताने रंगवलेले बारा छोटे घोडेस्वार बिघडवून शिकलोय, त्याबद्दल खाली लिहितो.

म्हणजे तुमची अडचण अशी: दहा ब्लॅक टेम्पलर्स (वॉरहॅमर ४०,००० या युद्धखेळातले छोटे सैनिक), काळं चिलखत, महिनाभर खंदकात लोळून आल्यासारखं दिसायला हवं. तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, दोनदा दिला, काहीच दिसलं नाही. मग मॅट वार्निशचा स्प्रे मारला तर सगळ्यांवर दुधावरची साय धरली. प्रायमर, रंग पातळ करणं वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालतो. उघड्या डोक्याच्या गड्याची बुबुळं नीट जागेवर आहेत, त्या माणसाला मी ब्रश धरायला काय शिकवणार.

वॉश दिसला नाही यात तुमची चूक नाही. वॉश खाचेत उतरून सावली पाडतो, आणि काळ्यावर सावली पडायची कुठे? शिकवणारे व्हिडिओ बहुतेक लाल, निळ्या, हिरव्या चिलखतावरचे असतात. तिथे मळ म्हणजे गडद. काळ्यावर नेमकं उलटं, मळ म्हणजे फिका. धूळ फिकी, सुकलेला चिखल फिका, खरवडलेलं लोखंड तर चकाकणारं. एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

त्यामुळे मुळात चिलखत शुद्ध काळं ठेवूच नका. मी व्हॅलेहो कंपनीचा जर्मन ग्रे हा गडद करडा रंग (७०.९९५) अंगभर देतो आणि खरा काळा फक्त खाचांत, सांध्यांत, काखेत. तुमचं आधीच काळं झालंय तर खरवडायची गरज नाही, वरून ऊन पडेल अशा भागांवर हाच करडा पातळ करून ओढा. जुन्या छत्रीचा काळा आठवा, उन्हाने विटून तपकिरीकडे झुकलेला. मला तो हवा असतो. म्हणून करड्यात चिमूटभर तपकिरी घालतो, निळा अजिबात नाही. निळसर कडा काढल्या की चिलखत कालच पॉलिश केल्यासारखं दिसतं. प्रत्येक कडेवर एकसारखी फिकी रेघ ओढायची जी फॅशन आहे ती मला वैयक्तिकरीत्या आवडत नाही, पण ती माझी खोड समजा.

आता ओरखडे. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक जुनी काळी सायकल उभी आहे. ओरखडे कसे काढायचे ते मी तिच्याकडून शिकलो. रंग कुठेही उडालेला नाही. जिथे भिंतीला टेकते, जिथे कुलूप आपटतं आणि जिथे टांग टाकताना बूट घासतो तिथेच उडालाय. प्रत्येक टवक्याच्या मधोमध लोखंड, भोवती तपकिरी कड, आणि खालच्या बाजूला पावसाने ओघळलेली गंजाची बारीक रेघ. अगदी ह्याच क्रमाने रंगवा. स्पंजचा तुकडा कात्रीने कापू नका, फाडा, म्हणजे कड ओबडधोबड राहते. रंगात बुडवून कागदावर टिपत राहा, जवळजवळ कोरडा झाला की मगच गुडघा, खांद्याची कड, पायाची बोटं, तलवारीच्या हाताचं मनगट इथे टेकवा. आधी फिका करडा, मग त्याच्या आत थोडा गडद तपकिरी, आणि मोठ्या टवक्यांत ब्रशच्या टोकाने चंदेरीचा एक ठिपका. छातीवर मधोमध ओरखडे नकोत. तिथे कोण घासणार?

(तुमच्या सैनिकांचं चिलखत ज्याचं असतं ते खेळातलं काल्पनिक सेरामाइट गंजत नाही म्हणून तुम्हाला कोणीतरी टोकेलच. बरोबर आहे त्यांचं. गंज सांध्यांना आणि चेनसॉर्डला (साखळी-करवतीसारख्या तलवारीला) द्या, भांडण मिटलं. माझे स्वार सोळाव्या शतकातले जर्मन रायटर, म्हणजे तिथले घोडेस्वार सैनिक होते, त्यांना ही अडचण नव्हती. त्यांची चिलखतं काळी रंगवायचं एक कारणच हे की लोखंडाला गंज धरू नये आणि रोज घासत बसायला लागू नये.)

धुळीसाठी महागडी पिगमेंट्स (कोरड्या रंगाची भुकटी) घ्याच असं नाही. मुलतानी माती आणि गेरू, दोन्ही मलमलच्या फडक्यातून वस्त्रगाळ करून घ्या. गेरूत लोहाचाच ऑक्साइड असतो, त्यामुळे गंजाचा रंग आयता मिळतो. रांगोळी वापरू नका, या मापाला ती दगडगोट्यांसारखी दिसते. पावलांपासून पोटरीपर्यंत दाट, गुडघ्यावर विरळ, कमरेच्या वर जवळजवळ नाहीच.

आता जुलै. साल २०१७, डोंबिवली, रविवारी खेळ ठरलेला. बारा रायटर, चार महिन्यांची संध्याकाळची कामं, घोड्यांच्या लगामांसकट. शनिवारी दुपारी पाऊस थांबला म्हणून मी गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं आणि मॅट वार्निश मारलं. दुकानदाराला आधी विचारलं होतं, पावसाळ्यात चालेल का. "काही होत नाही, बिनधास्त मारा." दहा मिनिटांनी बघतो तर बाराच्या बारा पिठाच्या गिरणीतून निघालेले. घाबरलो. पुढे जे केलं तीच खरी चूक: वाटलं हात विरळ बसला असेल, म्हणून दुसरा मारला. तीन पुढच्या स्वारांवर तर तिसराही. वॉलपुट्टी झाली नुसती.

कारण नंतर कळलं. स्प्रेमधला द्रव भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि वार्निशच्या थरात अडकतं. उजेड तिथे विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. फिक्या रंगावर कदाचित खपूनही गेलं असतं, काळ्यावर लपायला जागा नाही. पाऊस थांबलाय की चालू आहे याला अर्थ नाही, हवा दमट आहे का ते बघायचं. आता काही शे रुपयांचं आर्द्रतामापक खिडकीत टांगलंय. ६० टक्क्यांच्या वर काटा गेला की डबा कपाटात. म्हणजे जून ते सप्टेंबर कपाटातच. आणि मॅटचा डबा दोन मिनिटं घड्याळ लावून हलवा, मॅट करणारी भुकटी तळाशी बसते. नुसत्या त्यानेही पांढरं होतं.

तुमच्यावर एकच हात बसलाय, त्यामुळे आशा आहे. दोन दिवस पंख्याखाली सुकू द्या. मग मागच्या रांगेतला एक घ्या, पुढारी नको, आणि ब्रशने ग्लॉस वार्निशचा पातळ हात द्या. पांढरेपणा बहुतेक विरून जातो. माझे बारापैकी नऊ असे परत आले. ते तीन नाही आले, अजून डब्यात आहेत, बर्फातली लढाई असली की काढतो. तुमच्या वार्निशचा ब्रँड मला माहीत नाही, तेव्हा एकावर बघूनच पुढे जा. बिघडलं तर मला शिव्या द्या, पण दहाही एकदम करू नका.

ग्लॉस बसला की एक फायदाही आहे, मघाचा वॉश आता नीट होतो. कॅमलच्या तैलरंगातला बर्न्ट अंबर, त्यात थोडा पांढरा मिसळून फिका करा (काळ्यावर मळ फिका, विसरू नका), टवक्यांखाली बारीक ठिपके द्या आणि टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर केलेल्या ब्रशने सरळ खाली ओढा. खिडकी उघडी ठेवून. जोरात घासलंत तर खालचा रंगही येईल, माझा आलाय. हे नीट सुकू द्या, मग मॅट, तोही ब्रशनेच. धूळ अगदी शेवटी. तिच्यावर वार्निश मारलं की ती बरीचशी दिसेनाशी होते, म्हणून माझ्या स्वारांच्या पायांना कोणी हात लावलेला मला चालत नाही.

बाहेरून चांगला स्प्रे मागवा असंही कोणी सुचवेल. मी मागवला होता. एरोसोल विमानाने साधा पाठवता येत नाही हे पार्सल अडकल्यावर समजलं, आणि मग तीन आठवडे या खिडकीवरून त्या खिडकीवर. प्रत्येक खिडकीवर एकच उत्तर, "हे आमच्याकडे येत नाही." शेवटी सोडून दिलं. ब्रशने लावायच्या वार्निशची बाटली माझ्या गावात मिळते, मला पुरते.

ग्लॉस दिल्यावर त्या एकाचा फोटो टाका, दिवसाच्या उजेडातला. ट्यूबलाइटखाली काळं सगळं सारखंच दिसतं.