हायकोर्टाने केस दुसऱ्या जिल्ह्यात ट्रान्सफर केली, अपीलची परवानगी मिळेल का?

म्हणजे घटस्फोटाची केस तुम्ही तुमच्या जिल्ह्यात टाकलीत, बायकोच्या अर्जावर हायकोर्टाने ती तिच्या जिल्ह्यात पाठवली, आता अपील करायचंय आणि त्याचं काय ते ठरेपर्यंत नवीन कोर्टात गेलं नाही तर चालेल का, असं तुम्ही विचारताय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. अजिबात चालणार नाही.

मी वकील नाही, पण माझा वसुलीचा दावा असाच दुसऱ्या जिल्ह्यात गेला होता आणि मी पण रुसून बसलो होतो. मला वाटायचं वर अर्ज टाकला की खाली सगळं आपोआप थांबतं. तसं काही नसतं, स्टेचा, म्हणजे खालचं काम थांबवायच्या आदेशाचा, वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर व्हावा लागतो, नाहीतर नवीन कोर्ट आपल्या तारखा लावतच राहतं. मी दोन तारखांना गेलो नाही, दावा गैरहजेरीत डिसमिस झाला, मग तो परत बोर्डावर आणायला अर्ज, अ‍ॅफिडेव्हिट, समोरच्याला खर्च, यात आठ महिने गेले. केस तुमची आहे, तुम्हीच गेला नाहीत तर बायकोच्या वकिलाला काही करावंच लागणार नाही.

आता अपील. खरं सांगायचं तर ट्रान्सफरच्या ऑर्डरवर साधं अपील नाहीच. ही ऑर्डर सीपीसीच्या (दिवाणी प्रक्रिया संहितेच्या) कलम २४ खाली होते, आणि ज्या ऑर्डरवर अपील चालतं त्यांची यादी त्याच कायद्याच्या कलम १०४ आणि ऑर्डर ४३ (हे तिथल्या नियमांच्या एका भागाचं नाव) मध्ये आहे, त्यात ही नाही. मग हायकोर्टातल्याच दोन जजेसच्या बेंचकडे जाऊ म्हणाल तर तिथेही १९५३ चा सुप्रीम कोर्टाचा अश्रुमती देवी निकाल आडवा येतो. जलपायगुडीतला दावा कलकत्ता हायकोर्टाने स्वतःकडे घेतला होता, आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं की नुसत्या ट्रान्सफरने कोणाचा हक्क ठरत नाही, त्यामुळे हे ‘जजमेंट’ नाही आणि लेटर्स पेटंट अपील (हायकोर्टाच्या सनदेखाली त्याच हायकोर्टाच्या मोठ्या बेंचकडे होणारं अपील) चालणार नाही. ती ऑर्डर लेटर्स पेटंटखालची होती, पण तर्क तुम्हालाही लागू पडतो.

राहिला राज्यघटनेचा अनुच्छेद १३६, म्हणजे एसएलपी, सुप्रीम कोर्टाकडे अपीलची विशेष परवानगी मागणारी याचिका. तुम्ही विचारताय ती परवानगी हीच. मुदत ऑर्डरच्या तारखेपासून ९० दिवस. आधी परवानगी, ती मिळाली तर अपील, आणि बहुतेक लोक पहिल्याच पायरीवर घरी येतात. माझं मॅटर दोन मिनिटांत संपलं, वकिलाचं पहिलं वाक्यही धड पूर्ण झालं नव्हतं (फी मात्र पूर्ण). प्रवास लांबचा आहे, खर्च होतो, नोकरी आहे, याला तिथे फारशी किंमत नाही, त्यात लग्नाच्या केसमध्ये बायकोची सोय आधी बघतात, २०२२ च्या ऐश्वर्या निकालात हेच सांगितलंय. तुम्हाला नोटीसच मिळाली नाही, म्हणणं न ऐकताच ऑर्डर झाली, असं काही असेल तर मात्र दम आहे, कारण पक्षकाराच्या अर्जावर ट्रान्सफर करायची तर कलम २४ मध्येच नोटीस आणि सुनावणी लिहिलीय. म्हणून आधी सर्टिफाईड कॉपी काढा आणि त्यात काय लिहिलंय ते बघा.

केस दुसऱ्या राज्यात गेली असेल तर गोष्ट वेगळी. तो अधिकार कलम २५ खाली सुप्रीम कोर्टाचा, तिथे एसएलपीचा प्रश्नच नाही, फक्त रिव्ह्यू (त्याच कोर्टाला फेरविचाराची विनंती), ३० दिवसांत, आणि तो बहुधा युक्तिवाद न ऐकता चेंबरमध्येच निकाली निघतो.

मी तुमच्या जागी असतो तर एसएलपीचे पैसे वाचवून नवीन कोर्टात चांगला वकील दिला असता आणि पहिल्याच तारखेला दोन गोष्टी मागितल्या असत्या. एक, झालेला पुरावा तसाच धरून पुढे चला, कारण नवीन कोर्ट पहिल्यापासून चालवू शकतं किंवा आहे तिथून, दोन्ही त्याच्या हातात असतं, हायकोर्टाने वेगळं काही सांगितलं नसेल तर. दोन, व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने सुनावणी. २०१७ च्या संथिनी निकालाप्रमाणे समेटाचा प्रयत्न फसल्यावर दोघांनी संमती दिली तर फॅमिली कोर्ट ते देऊ शकतं, कोर्टाला स्वतःला योग्य वाटलं तरीही. बायको संमती देणार नाही असं आधीच धरून चालू नका, माझ्या दाव्यातला समोरचा माणूस पण तारखांना तेवढाच कंटाळला होता.

आणि फाईल पोचली का, नवीन नंबर काय पडला हे स्वतः जाऊन विचारा. नोटीस येईल म्हणून थांबू नका, मी थांबलो होतो.