स्कॉटलंडचा टॅक्स: दरावर चिडा, पण आधी पे-स्लिपवरचा एस शोधा

तुमची पोस्ट वाचली आणि हसावं की रडावं कळेना, आकडे बदलले तर ही माझीच गोष्ट आहे. ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या लीड्सहून एडिनबराला आलात, पगार 82 हजार पौंड, इथले सहकारी रोज जेवताना 45 टक्क्यांच्या नावाने बोटं मोडतायत आणि तुमच्या पे-स्लिपवर मात्र टॅक्स कोड अजून 1257एलच, स्कॉटिश टॅक्सवाल्यांचा एस त्याच्या आधी नाही. वर तुम्ही विचारताय की ऑफिस लीड्सचंच आहे म्हणजे स्कॉटलंडच्या वेगळ्या, चढ्या दरांतून मी सुटलो ना, आणि नसेन सुटलो तर सीमेपलीकडे इंग्लंडमधल्या बेरविकला घर घेऊन ट्रेनने ये-जा करू का.

नाही सुटलात. ऑफिस कुठे, कंपनी कुठली याचा इथे काडीचा संबंध नाही, तुमचं मुख्य घर कुठे आहे एवढंच बघतात. आणि वर्षाचे दोन तुकडे होत नाहीत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. 6 एप्रिल ते 5 एप्रिल या वर्षात तुमचं मुख्य घर इंग्लंडपेक्षा स्कॉटलंडमध्ये जास्त काळ असेल तर अख्ख्या वर्षाचा पगार स्कॉटिश दराने, म्हणजे एप्रिल ते ऑगस्ट लीड्समध्ये बसून कमावलेलाही. ऑगस्टमध्ये आलात म्हणजे तुम्ही पूर्ण वर्ष यात आलात.

डिस्क्लेमर आत्ताच देते, मी सीए नाही, टॅक्स अ‍ॅडव्हायजर नाही, फक्त पोळलेली आहे. आकडे 2025-26 चे आहेत, पुढच्या वर्षीचे स्वतः तपासा. पर्सनल टॅक्स अकाउंट कसं उघडायचं वगैरे लिहीत नाही, ते तुम्हाला येतच असेल.

आता माझं. मी 2019 च्या उन्हाळ्यात इंग्लंडहून इथे एडिनबरातल्या लीथला शिफ्ट झाले, कंपनी तीच. घर बदललं त्याच आठवड्यात एचआरला पत्ता कळवला आणि टॅक्स कोडचं काय होईल असं लेखी विचारलं, कारण एका मैत्रिणीने सांगितलं होतं की इथे कोडच्या आधी एस लागतो. पेरोलकडून उत्तर आलं की पत्ता अपडेट केलाय, टॅक्सवाल्यांना आमच्याकडून जातं, तुम्हाला काही करायची गरज नाही. पुढच्या महिन्याची पे-स्लिप बघितली तर वर माझा लीथचा पत्ता पिनकोडसकट ठळक छापलेला, आणि त्याच कागदावर दोन बोटं खाली टॅक्स कोड 1250एल, एसचा पत्ता नाही. म्हणजे त्यांच्याच कागदाला मी स्कॉटलंडमध्ये राहते हे माहीत होतं! परत मेल केली, परत तेच, सिस्टीमला वेळ लागतो, होईल. मग कोविड आला, मेलला उत्तरंच येईनाशी झाली, मीही घरून काम करत होते आणि हातात नेहमीचा पगार येत होता.

पुढे केव्हातरी एचएमआरसीकडे, म्हणजे यूकेच्या टॅक्स खात्याकडे, माझा खरा पत्ता पोचला आणि दोन वर्षांची पी800 पत्रं (कमी कापलेला टॅक्स मागणारी) आली, दोन्ही मिळून तीन हजार पौंडांच्या घरात. पेरोलला फोन केला तर तिथला माणूस अगदी शांतपणे म्हणाला, आम्हाला जो कोड मिळतो तोच आम्ही चालवतो, पत्त्याचं तुमचं आणि टॅक्स ऑफिसचं तुम्ही बघा. आता गंमत अशी की हे वाक्य नियमाने शंभर टक्के बरोबर आहे. पेरोल स्वतःहून एस लावू शकत नाही, आणि पत्ता कळवायची जबाबदारी तुमचीच. पण मग आधी आमच्याकडून जातं असं लेखी कशाला दिलंत? ती मेल दाखवली तर म्हणे ते जनरल गायडन्स होतं. माझं डोकंच फिरलं. तक्रार केली, ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत राहिली, शेवटी एक दिलगिरीची ओळ मिळाली आणि पैसे मीच भरले, पुढच्या काळात कोडमधून थोडे थोडे कापून. टॅक्स मला लागू होताच, तो मी दिलाच असता, माझं म्हणणं एवढंच की ज्याचं काम नाही त्याने हो, झालंय म्हणू नये.

म्हणून तुम्ही आजच थेट एचएमआरसीला पत्ता कळवा, एचआरला नाही, काउन्सिलला नाही, बँकेला नाही. एचआरला सांगा, पण ते वेगळं. ऑनलाइन बदललात की कन्फर्मेशनचा स्क्रीनशॉट ठेवा. समजा तुम्ही खुद्द एचएमआरसीला वेळेत कळवलं आणि त्यांनीच ते दाबून ठेवलं तर थकलेला टॅक्स माफ व्हायची एक सवलत आहे, ए19 म्हणतात, अटी कडक आहेत, पण एचआरला पाठवलेली मेल दाखवून ती मिळत नाही एवढं मी अनुभवाने सांगते.

अजून एक, नवा कोड क्युम्युलेटिव्ह आला तर एप्रिलपासूनची सगळी तफावत एकाच पगारातून कापली जाते. 82 हजारांवर इंग्लंडपेक्षा वर्षाला साधारण 2,430 पौंड जास्त बसतात, महिन्याला दोनशेच्या वर. वर्ष संपता संपता कोड बदलला तर एका महिन्यात दोन हजारांचा फटका बसू शकतो, तेवढे बाजूला काढून ठेवा, भाडं त्याच आठवड्यात असतं.

आता ते जेवणाच्या टेबलावरचं 45 टक्के. लोक अशा आवेशात बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं अर्धा पगारच गेला. 45 चा अ‍ॅडव्हान्स्ड रेट एप्रिल 2024 पासून आला, 75 हजारांच्या वरच्या पैशावरच. तुमचे त्यात सात हजार येतात, इंग्लंडमध्ये त्यावर 40 लागले असते, फरक 350 पौंड. बाकीचे दोन हजार कुठून आले? खालून. इथे 42 टक्के 43,662 पौंडांवर सुरू होतात, इंग्लंडमध्ये 40 टक्के 50,270 वर. आणि मधल्या पट्ट्यात एनआय (नॅशनल इन्शुरन्स, टॅक्सशिवाय पगारातून होणारी दुसरी कपात) 8 टक्केच राहतं कारण एनआयची मर्यादा अख्ख्या यूकेची एकच आहे, म्हणजे 45 हजारांवरच्या माणसाला वाढीव पौंडावर 50 टक्के, सीमेपलीकडे तोच पौंड 28 टक्क्यांत. 43,662 हा आकडा 2021-22 पासून हललेला नाही, पगार मात्र महागाईने वर सरकले, त्यामुळे अनुभवी शिक्षक आणि सीनियर नर्सही आता त्या 42 टक्क्यांच्या हायर रेटमध्ये. माझं मत विचाराल तर ओरडायचं तर यावर ओरडा. सव्वा लाखाच्या वर 48 टक्के भरणाऱ्याचं पेपरात छापून येतं, त्याचा अकाउंटंट त्याचं बघून घेतो.

दुसरी बाजूही ऐकवते, इथल्या माझ्या बऱ्याच स्थानिक सहकाऱ्यांना हा टॅक्स मान्य आहे आणि ते काही संत नाहीत. प्रिस्क्रिप्शन फुकट (इंग्लंडमध्ये एका औषधाला 9.90 पौंड), डोळे तपासणी फुकट, तीन-चार वर्षांच्या पोरांना वर्षाला 1,140 तास नर्सरी, आणि त्याला आईबापाच्या पगाराची अट नाही. युनिव्हर्सिटीची फी इथल्या मुलांना नाही, पण तुम्ही व्हिसावर असाल तर ते गृहीत धरू नका, सेटल्ड (कायम राहण्याची परवानगी) असण्याच्या आणि तीन वर्षं राहण्याच्या अटी आहेत. आणि सगळे पळून जाणार ही आवई, तर यूकेच्या बाकी भागातून इथे येणारे लोक जाणाऱ्यांपेक्षा जास्तच आहेत. मात्र सरकारला यातून बदाबदा पैसा मिळतो असंही नाही. 2024 च्या टॅक्सवाढीतून लोक वागणूक बदलतील हे धरून स्कॉटिश फिस्कल कमिशनचा (तिथल्या सरकारी उत्पन्नाचे अंदाज बांधणारी संस्था) अंदाज फक्त 82 मिलियन पौंडांचा होता, ते न धरता तो 200 च्या आसपास जात होता. वागणूक बदलतील म्हणजे सामान बांधून निघतील असं नाही, बरेचसे पेन्शनमध्ये जास्त टाकतात किंवा तास कमी करतात. आमच्याकडे गणपतीच्या जेवणात हा वाद निघाला की दोन तट पडतात आणि भात गार होतो. माझे वडील फोनवर एवढंच म्हणतात, मग ये की परत. त्यांना भारतातला 30 टक्क्यांचा स्लॅब आठवत नाही!

बेरविकचं म्हणाल तर कायद्याने चालतं, तिथे खरंच राहिलात तर इंग्लिश दर लागतील, नुसता मित्राचा पत्ता देऊन नाही. पण पाऊण तासाची ट्रेन, सीझन तिकीट, हिवाळ्यात रद्द झालेली गाडी हे सगळं 2,430 पौंडांत बसवून दाखवा.

त्यापेक्षा पेन्शन बघा. सॅलरी सॅक्रिफाइस (पगार तेवढा कमी करून कंपनी ते पैसे थेट पेन्शनमध्ये टाकते) असेल तर 75 हजारांवरचे सात हजार तिकडे वळवलेत की दर 100 पौंडांमागे हातातले फक्त 53 कमी होतात, कारण 45 टॅक्स आणि 2 एनआय वाचतं. पण तुमची स्कीम रिलीफ अ‍ॅट सोर्सवाली, म्हणजे टॅक्स कापून झाल्यावर पैसे घेणारी, असेल तर पेन्शन कंपनी फक्त 20 टक्के परत आणते, उरलेले 22 किंवा 25 एचएमआरसीकडे स्वतः मागावे लागतात, आणि मागची चारच वर्षं मागता येतात. हे कुणी आपणहून सांगत नाही.

आणि पुण्याकडे फ्लॅट भाड्याने दिला असेल तर ते भाडंही स्कॉटिश दराने मोजतात (तिकडे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं), पण एफडीचं व्याज यूकेच्या दराने, एनआरआय लोकांच्या एनआरई खात्यातलं धरून, तिकडे ते टॅक्स-फ्री असलं तरी. यूकेत येऊन चार वर्षं झाली नसतील तर परदेशी उत्पन्नाला वेगळी सूट मिळू शकते, त्यासाठी मात्र खरा सल्लागार गाठा, माझ्या भरवशावर राहू नका. तुमच्या पे-स्लिपवर पेन्शनची ओळ टॅक्सच्या आधी कापलेली दिसते की नंतर ते बघून लिहा, म्हणजे तुमच्या बाबतीत काय मागायचं ते सांगता येईल.